वकीलपत्रावर सही करण्याआधी

झाशी जिल्ह्यातल्या टहरौली तहसिलीच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणाऱ्याला समोरून येणाऱ्या वाहनापेक्षा मोकाट जनावरांची धास्ती जास्त. बुंदेलखंडात पीक निघालं की गुरं मोकळी सोडतात. इथे तिला अन्ना प्रथा म्हणतात. अशाच एका गाईला चुकवताना माझ्या भाच्याची मोटारसायकल रस्त्याकडेने चाललेल्या मजुरावर गेली. मजुराचा पाय मोडला. भाच्याने लोकांच्या मदतीने त्याला लगेच दवाखान्यात नेलं, पळून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तहरीर, म्हणजे लेखी फिर्याद, दाखल झाली. तीत वेगाचा उल्लेख होता, गाईचा नव्हता. भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125 ही कलमं लागली. पहिलं बेदरकार वाहन चालवण्याचं, दुसरं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं. हाड मोडलं की कायद्याच्या दृष्टीने ती गंभीर दुखापत ठरते आणि 125खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही कलमं जामीनपात्र असल्याने भाचा सुटून घरी आला आणि घरच्यांना वाटलं, मोठं संकट टळलं.

खरा धोका त्यानंतर आला. न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या एका मध्यस्थाने सांगितलं, "जुर्म कबूल लो, जुर्माना भरो, घर जाओ." फी थोडी, काम झटपट, वर साहेबांशी ओळख असल्याची हमी. भाचा तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होता. चलनाचा दंड भरणं वेगळं आणि फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल करणं वेगळं, हे त्या माणसाने सांगितलंच नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ती समोर येते, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा चालतो तेव्हा तीच कबुली पुरावा म्हणून पुढे ठेवली जाऊ शकते. पुरावा न तपासता दिलेली कबुली मागे घेणं फार अवघड.

म्हणून मध्यस्थाऐवजी चांगला वकील शोधायचं ठरलं. घरच्यांना तो मराठीच हवा होता. र. वि. धुळेकरांसारखे संविधान सभेत गेलेले वकील झाशीच्या मराठी समाजाने दिले, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. पण फौजदारी खटल्यात आडनाव उपयोगी पडत नाही. गणेश मंदिरात भेटणाऱ्या एका निवृत्त पेशकारांनी, म्हणजे न्यायालयातल्या कारकुनांनी, सल्ला दिला: पूर्वी सरकारी बाजूने उभा राहिलेला आणि आता बचावाचं काम करणारा वकील शोधा.

तसे वकील भेटले आणि पहिल्याच बैठकीत फरक कळला. त्यांनी भाच्याची बाजू ऐकण्याआधी कागद मागितले. तहरीर अपघातानंतर किती तासांनी दिली? विवेचकाने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, घटनास्थळाचा नक्शा-नजरी कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून काढला? त्यात टायरच्या खुणा आहेत का? गाडीचा तांत्रिक मुआयना झाला का, त्यात ब्रेक चालू असल्याची नोंद आहे का? वैद्यकीय अहवालातली वेळ तहरिरीतल्या वेळेशी जुळते का? सरकारी वकील म्हणून त्यांनी असेच कागद वर्षानुवर्षं न्यायालयापुढे मांडले होते. कुठला दुवा कच्चा असतो, हे त्यांना पाठ होतं.

खटला दुव्यांवर उभा राहतो, हे मोठ्या प्रकरणांतही दिसतं. 2002च्या वांद्र्यातल्या अपघाताच्या खटल्यात सत्र न्यायालयाने मे 2015मध्ये सलमान खान यांना दोषी धरलं; 10 डिसेंबर 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. रक्ताच्या नमुन्याची हाताळणी आणि महत्त्वाच्या साक्षीदाराची विश्वासार्हता, यांवर त्या निकालात बारकाईने चर्चा आहे.

आमचा खटला अजून चालू आहे. पण या काळात जे शिकलो ते दुसऱ्या कुटुंबांच्या कामी यावं म्हणून लिहितो.

अनुभव कुठल्या न्यायालयातला, ते आधी विचारा. उत्तर प्रदेशात दंडाधिकाऱ्यांपुढे सहायक अभियोजन अधिकारी काम पाहतात. ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेले पगारी अधिकारी. सत्र न्यायालयात जिल्हा शासकीय अधिवक्ता असतात, ज्यांना लोक डीजीसी म्हणतात. ते वकिलीतूनच नेमले जातात. अपघाताचा साधा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. आयुष्यभर खुनाचे खटले चालवलेल्या माणसाला त्या न्यायालयाची रोजची रीत ठाऊक असेलच असं नाही.

उलटतपासणीची चौकशी वेगळी करा. सरकारी वकील मुख्यतः स्वतःच्या साक्षीदारांची सरतपासणी घेतो. बचावाच्या वकिलाचं निम्मं बळ उलटतपासणीत असतं. म्हणून "सरकारी बाजू सोडल्यावर किती काळ बचावाचं काम केलंत?" हा प्रश्न संकोच न करता विचारा. जमलं तर एखाद्या तारखेला मागच्या बाकावर बसून त्यांचं काम पाहा. न्यायालय सर्वांना खुलं असतं.

याच प्रकरणात त्यांनी सरकारकडून काही काम केलं नव्हतं ना, याची खात्री करा. एका पक्षासाठी काम केलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे.

निकालाची हमी देणारा, साहेबांशी संबंध सांगणारा किंवा साक्षीदाराला फिरवू म्हणणारा वकील असेल तर तिथून उठा. निकालावर अवलंबून फी ठरवणंही वकिलाला मना आहे. फी कुठल्या टप्प्याला किती, तारखेला स्वतः येणार की सहायक पाठवणार, हे आधी ठरवा आणि पावती घ्या. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. उत्तर प्रदेशची कौन्सिल प्रयागराजला आहे.

कागद स्वतःकडे ठेवा. आरोपपत्र आणि सोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवला की ई-कोर्ट्सवर पुढची तारीख घरबसल्या पाहता येते. मुंशीच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. जप्त गाडी ठाण्यात गंजत ठेवू नका. सुपुर्दगीचा, म्हणजे गाडी परत ताब्यात मिळण्याचा, अर्ज लगेच करा. अशी वाहनं दीर्घकाळ अडकवून ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002मध्येच सांगितलं आहे.

फी परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवेची मदत मागा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आणि ठरलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे.

आणि जखमी माणसाला विसरू नका. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी विम्याचे कागद मागितले आणि बजावलं की मजुराच्या दाव्याच्या आड येऊ नका. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा, हेही त्याच्या घरच्यांना कळू द्या. तृतीय पक्षाचा विमा त्याच्यासाठीच असतो. भाच्याचा बचाव आणि मजुराची भरपाई, दोन्ही एकाच वेळी न्याय्य असू शकतात. असं स्पष्ट सांगणारा वकील भेटला तर वकीलपत्रावर निःशंक सही करा.