गेममधला अनोळखी माणूस

आपल्यातले पुष्कळजण बाबांच्या मोबाईलवर गेम खेळतात. त्यात अनोळखी माणूसही आपल्याशी बोलू शकतो. मी चौथीत आहे असं तो सांगतो, पण खरा कोण ते दिसत नाही. त्याला गाव, शाळा सांगू नये. फोटोही पाठवू नये. मागे शाळेची पाटी दिसते की! ओटीपी म्हणजे पैशाच्या पेटीची किल्लीच, ती कुणालाच देऊ नये. "घरी सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, तर आईला लगेच सांगावं. मला वाटतं, तेव्हा मोठ्यांनी मारू नये. मारलं तर पोर पुढच्या वेळी गप्प बसतं. मुलांच्या मदतीचा नंबर १०९८, तो रात्रीही लागतो. पैसे गेले तर १९३०. लवकर लावला तर पैसे अडवता येतात. दोन्ही नंबर मी आमच्या दारामागे खडूने लिहिलेत.