खांब मोजत चाल

भाचेबुवा, परवा सिव्हिक सेंटरला तू भांड्यांच्या दुकानापुढे चांगला तीन मिनिटं उभा होतास. सूनबाई मला म्हणाली, "मामा, यांना हल्ली कुकरची भलतीच आवड लागलीय." मी हसलो नाही. ही सोंगं मीही केली आहेत. पोटरी आवळून येते, पुढचं पाऊल उचलत नाही आणि पाय दुखतोय म्हणायची लाज वाटते. मग माणूस काहीतरी बघत उभा राहतो. मी सेक्टर सहाच्या बाजारात त्याच त्या सायकलवाल्याला टायरचा भाव विचारायचो. शेवटी तो म्हणाला, "दादा, लेना है कि नहीं?" जर्मनीत या दुखण्याला दुकानाच्या काचेचा आजारच म्हणतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्यासारखे खोटारडे तिकडेही आहेत म्हणायचे.

तुझी बारा वर्षांची शुगर, त्यात नाइट शिफ्टची बिडी. पायाच्या धमनीत आतून थर बसत जातो, जुन्या पाण्याच्या पाइपात बसतो तसा. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. चालायला लागलं की पोटरी जास्त मागते, ते मिळत नाही, आणि ती बोंब मारते. म्हणून हे दुखणं ठरलेल्या अंतरावर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी चार-पाच मिनिटांत उतरतं.

पण आधी तुझं दुखणं हेच आहे का ते बघ. आमच्या शेजारच्या काकांचे पाय चालताना मांड्यांपासून भरून यायचे, सायकलवर मात्र ते कारखान्याच्या गेटपर्यंत मजेत जायचे. त्यांचं मूळ निघालं कमरेत. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर ती जरा मोकळी होते. म्हणून हँडलवर वाकलेला माणूस सुखी. नुसतं उभं राहून त्यांना आराम पडत नसे. रक्त कमी पडण्याचं दुखणं असेल तर ते सायकलवरही सोडत नाही, पायडलला जोर लावला की पोटरी धरतेच. ही झाली घरगुती परीक्षा, निकाल डॉक्टरांचा. ते घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करतात. ०.९ च्या खाली आला की रक्त कमी पोचतंय असं समजायचं. माझा ०.६ होता. तुला एक जास्तीची गोष्ट सांगतो: शुगरवाल्याची धमनी कडक झालेली असते, त्यामुळे हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. आकडा छान आला म्हणून पेढे वाटू नकोस, पायाच्या अंगठ्याचं प्रेशरही बघा म्हणून सांग.

आता चालण्याचं. मी रेल मिलचा माणूस, अंतर रुळांत मोजतो. १३ मीटरचा रूळ माझ्या डोळ्यांत बसलेला आहे. आता तर २६० मीटरचं पॅनेल निघतं. माझी पोटरी अर्ध्या पॅनेलला थांबायची, म्हणजे घराच्या फाटकापासून रस्त्यावरच्या चौथ्या खांबाला. "रोज चाला" असं सगळेच सांगत होते. कसं चालायचं ते फिजिओथेरपीच्या एका पोरीनं सांगितलं. दुखणं सुरू झालं की लगेच बसायचं नाही; बऱ्यापैकी वाढू द्यायचं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ताणायचंही नाही. मग थांबायचं, पार उतरू द्यायचं आणि पुन्हा निघायचं. विसावे धरून सुरुवातीला अर्धा तास, पुढे पाऊण तास. आठवड्यातून निदान तीन दिवस आणि निदान तीन महिने. मला वाटायचं, दुखत्या पायावर चाललं की पाय आणखी बिघडतो. या दुखण्यात तसं होत नाही, उलट तेवढ्याच रक्तात जास्त काम करायला स्नायू शिकतो.

पहिला महिना काही म्हणजे काही फरक पडला नाही. चौथा खांब तो चौथाच. तुझ्या मामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा खांब लिहायला सुरुवात केली. अख्खा महिना नुसते चार, चार, चार. सातव्या आठवड्यात एक दिवस मी पाचव्या खांबाला हात लावला आणि वळून पाहिलं, तर कोणी बघतही नव्हतं. दिवाळीला अकरावा. असं चालणं सुरू करण्याआधी ईसीजी मात्र काढून घे, कारण जो थर पायात बसतो तोच हृदयाच्या धमन्यांतही बसतो. चालताना छातीत दाटलं तर खांब मोजत बसायचं नाही, थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

तुझ्या आजीचा गरम विटेचा शेक विसर. मीठ घातलेल्या गरम पाण्याची बादलीही नको. शुगरनं तळव्याची जाणीव कमी होते. माझ्या आईच्या टाचेला गरम पाण्याच्या पिशवीनं फोड आला आणि तिला कळलं ते चादरीवरच्या डागानं. तो फोड भरायला चार महिने लागले. रोज रात्री तळवे आरशात बघ, बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, बूट घालण्याआधी झटक. घरात एमसीआर रबराच्या मऊ चपला वापर. नवरात्रात डोंगरगडला जीई रोडनं अनवाणी जाणारी पोरं बघून तुला हुरूप येईल, पण तू गाडीनं जा. वर देवळापर्यंत हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, रोपवेनं चढ. बम्लेश्वरी देवी रागावणार नाही.

तेल जरूर लाव, बरं वाटतं. बंद धमनी त्यानं उघडत नाही एवढं लक्षात असू दे. एकच पाय सुजून गरम लागत असेल तर चोळू नकोस, डॉक्टरांना दाखव. आणि बिडी सोडलीस म्हणून मिरवतोस, पण सकाळी दातांना गुडाखू घासतोस ते मला ठाऊक आहे. तोही तंबाखूच. हिरडीतून जातो तो कुठे जातो असं तुला वाटतं? पायातच.

रात्री पाऊल दुखून जाग येते आणि पलंगाखाली लोंबकळत सोडलं की बरं वाटतं, असं झालं तर चालण्याचा प्रयोग बंद. बोट काळं पडलं, जखम दोन आठवडे भरेना, तरीही तेच: सर्जनला गाठायचं. पाय एकदम गार आणि पांढरा पडला तर मला फोन करत बसू नकोस. सेक्टर ९ चं हॉस्पिटल गाठ, तासांचा हिशोब असतो.

रविवारी सकाळी साडेपाचला माझ्या फाटकाशी ये. मे महिन्यात सातनंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही. सहाव्या खांबापाशी पुलिया आहे, तिथे बसू. आणि निघताना सूनबाईला खरं काय ते सांगून ये. ती तुझ्या वाढदिवसाला पाच लिटरचा कुकर घ्यायच्या बेतात आहे.