समाजमाध्यमे आणि अतिप्रकटीकरणाची किंमत

माहिती ही एक आर्थिक वस्तू आहे. तथापि इतर वस्तूंहून तिचे स्वरूप भिन्न आहे. विकलेली जमीन परत विकत घेता येते. एकदा प्रसृत झालेली माहिती मात्र परत घेता येत नाही. समाजमाध्यमांवर स्वतःविषयी किती सांगावे, या प्रश्नाचा विचार या वैशिष्ट्यापासूनच सुरू करावा लागतो.

पालघरची घटना

नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली आणि पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड करण्यात आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरविले. या निर्णयास सुमारे २८ महिने लागले. दवाखान्याची हानी मात्र काही तासांतच झाली होती.

त्या तरुणींचे वर्तन अतिप्रकटीकरण नव्हते. तो मतस्वातंत्र्याचा वापर होता आणि दोष कायद्याचा व हिंसेचा होता. तरीही या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लिहिणाऱ्यास आपला वाचक निवडता येत नाही. आणि परिणामांची झळ लिहिणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही.

बाह्य परिणाम

अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात संबंधित ॲप भारतातील केवळ ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या मित्रयादीमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती अन्यत्र गेली असण्याची शक्यता फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये मान्य केली. म्हणजेच एका व्यक्तीच्या संमतीची किंमत सरासरी सुमारे १,६८० जणांना मोजावी लागण्याची शक्यता निर्माण झाली. मुलांची छायाचित्रे, शाळेचे नाव, आजारपणाचा तपशील किंवा घर बंद ठेवून केलेला प्रवास प्रसिद्ध करताना आपणही कुटुंबीयांच्या वतीने, त्यांना न विचारता, संमती देत असतो. जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक आणि नातेवाइकांची नावे एकत्र आली की फसवणूक करणाऱ्याचे निम्मे काम होते.

व्यावसायिक जोखीम

नोकरी देणाऱ्यास उमेदवाराविषयी अपुरी माहिती असते. ती उणीव तो उपलब्ध खुणांवरून भरून काढतो. पदवी ही जशी एक खूण, तसाच दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात लिहिलेला मजकूर ही दुसरी. संदर्भ नाहीसा होतो, वाक्य तेवढे उरते. शासकीय सेवकांना तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांची बंधने आहेत. अनधिकृतपणे कार्यालयीन माहिती देणे हा या नियमांचा भंग ठरतो. मग ती छायाचित्रामागे दिसणारी टिपणी का असेना.

कायद्याच्या संरक्षणाची मर्यादा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ संमत झाला आणि तो टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे. मात्र त्यातील एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीस हा कायदा लागू होत नाही. जे आपण स्वतःच चव्हाट्यावर मांडले, त्याच्या रक्षणासाठी या कायद्याचा आधार मिळणार नाही.

उपाययोजना

प्रकटीकरणाचा लाभ तात्काळ मिळतो. त्याची किंमत अनिश्चित आणि दूरची असते. त्यामुळे मनुष्य ती कमी लेखतो. यावर सोपा उपाय विलंबाचा आहे. मजकूर एक रात्र थांबवावा, प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर द्यावीत, इतरांच्या छायाचित्रांसाठी त्यांची अनुमती घ्यावी आणि खात्याची गोपनीयता-व्यवस्था वेळोवेळी तपासावी. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

यातून मौनाचा उपदेश अभिप्रेत नाही. सार्वजनिक प्रश्नांवरील मत निर्भयपणे मांडले गेलेच पाहिजे. लोकशाहीची ती गरज आहे. परंतु मत हे नागरिकाचे असते आणि खासगी तपशील हा कुटुंबाचा असतो. पहिले समाजाला द्यावे, दुसरे घरात जपावे, हा विवेक शाळा-महाविद्यालयांतील संगणक-शिक्षणाचा भाग होणे आवश्यक आहे.