थंडीचा कडाका आणि केळीची वाडी



आपल्या वसईला समुद्र जवळ. म्हणून इथं थंडी बेताचीच पडते. पण एखाद्या वर्षी उत्तरेचा गार वारा सुटतो आणि हाडं गारठतात. २२ जानेवारी १९६२ ला शेजारच्या मुंबईत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. माणूस घोंगडी पांघरतो. वाडीतल्या केळीनं काय पांघरावं?

केळ हे उष्ण हवेचं झाड. पारा १० अंशांच्या आसपास आला, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मुळं पाणी कमी ओढतात. नवं पान उलगडत नाही. घड बाहेर पडताना अडकतो. पडलाच तरी केळी बारीक राहतात आणि उशिरा भरतात.

आता हिशेब पाहू या. घड महिनाभर लांबला, तर पैसाही महिनाभर लांबला. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. घड उतरवायचे नाहीत, म्हणजे मजुराला रोज नाही. टेम्पोवाल्याला भाडं नाही. आगाशीकडे राजेळी केळी सुकवून सुकेळी करतात. केळीच नाहीत, तर सुकवणार काय? थंडी चार दिवसांची, पण तिचा चटका साऱ्या गावाला बसतो.

दुसरीकडेही असंच होतं. डिसेंबर २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून तिथले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

मग आपण काय करावं? थंडीच्या दिवसांत केळीला रात्री किंवा पहाटे पाणी द्यावं. विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा ऊबदार असतं. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. घड सुक्या पानांनी झाकावा. उत्तरेच्या बाजूला दाट कुंपण राखावं. वाडीत केळीच्या जोडीला दुसरंही पीक असावं. एक बुडालं तर दुसरं हात देतं.

आणखी एक गोष्ट. काही फळपिकांना सरकारी विमा मिळतो. आपल्या पिकाला तो आहे का, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे थंडी पडण्याआधीच सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावं. पारा किती उतरला आणि किती दिवस राहिला, यावर भरपाई ठरते. तेव्हा विम्याचा कागद दुसऱ्याकडून ऐकून सही करू नये. आता आपल्याला वाचता येतं. एकेक ओळ बोट ठेवून वाचावी, अडलं तर विचारावं, मगच सही करावी.