लहान पत्रिकांचे जतन

सतराव्या शतकात इंग्लंडात क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ उदयास आला. हे लोक शपथ वाहत नसत व राजमान्य मंडळीस सक्तीचा दशांश देत नसत. म्हणून त्यांतील हजारोंनी तुरुंगवास सोसला. आपले म्हणणे लोकांपुढे मांडण्यास त्यांनी छापखान्याचा आश्रय केला. १६५९ साली दशांशाविरुद्ध त्यांनी पार्लमेंटाकडे धाडिलेला अर्ज छापून निघाला; त्यावर ७,००० हून अधिक स्त्रियांची नावे होती.

परंतु असले सुटे कागद टिकले कसे? जॉर्ज थॉमसन नामक लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ पर्यंत सर्व पक्षांची मिळून सुमारे २२,००० पत्रके व पुस्तके जमविली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढे १६७३ साली खुद्द क्वेकरांनी ठरविले की, आपल्या लोकांच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती ठेवाव्या, आणि आपल्याविरुद्ध लिहिलेल्या प्रत्येकाची एक. विरोधकाचा आरोपही राखिला, म्हणून उत्तराचा अर्थ आज लागतो.

आमच्या मराठीतही असेच उदाहरण आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ ही पुस्तिका पुण्यात छापविली. प्रती अवघ्या ५००. तिजवर टीका झाली; जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. मग ती विस्मृतीत गेली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. कोठेतरी एक प्रत उरली होती, म्हणूनच हे घडले.

कोल्हापुरात १८५० सालीच ग्रंथालय निघाले; तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. पण खेड्यातील मंडळीचा अर्ज, सभेचे पत्रक किंवा जुनी गीतपत्रिका आपण होऊन ग्रंथालयात चालत जात नाही. ती पुडी बांधण्यात जाते, नाहीतर वाळवीच्या तोंडी पडते. यास्तव प्रत्येक उपदेशकाने एक कोरडी पेटी राखावी, कागदावर साल व गाव लिहावे, आणि दोन प्रती असल्यास एक ग्रंथालयास द्यावी. आमच्याविरुद्धचा कागदही फाडू नये.

पाच हजार जेवल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करविले, व बारा टोपल्या भरल्या. आमच्या गरीब मंडळ्यांचे तुकडे आम्हीच वेचले नाहीत, तर आमच्या नातवंडांस आमची साक्ष केवळ परक्यांच्या तोंडून ऐकावी लागेल.