पक्षाघात उजव्या अंगाला, गुठळी डाव्या मेंदूत?

प्रश्न : वडिलांच्या (वय ६४) उजव्या हातापायांतली ताकद अचानक गेली, बोलणंही बंद झालं. गुठळी मात्र मेंदूच्या डाव्या भागात असल्याचं डॉक्टर सांगतात. हे असं उलट कसं?

उत्तर : मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था बनते. हालचालीचा आदेश मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागातून निघतो. तो वाहून नेणारे बहुतेक तंतू लंबमज्जेच्या खालच्या टोकाशी, म्हणजे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, बाजू बदलतात. त्यामुळे डावा मेंदू उजवं अंग चालवतो. वडिलांचे हातपाय धड आहेत. त्यांच्यापर्यंत आदेश पोहोचत नाही.

बहुतेकांची भाषाकेंद्रंही डावीकडेच असतात. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात आढळली. अशा रुग्णाला बोलता आलं नाही तरी पुष्कळदा समजत असतं. म्हणून वडिलांशी सावकाश, लहान वाक्यांत बोला. त्यांच्यासमोर निराशेची चर्चा करू नका.

मृत पेशी परत येत नाहीत, पण सरावाने शेजारचे भाग काही कामं उचलतात. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार नेटाने चालू ठेवा.

सर्वच वाचकांना विनंती : तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही अचानक दिसलं, तर तडक सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.