वाफेचं छोटं इंजिन घेताना



दौंड जंक्शन फार लांब नाही, पण आमच्या शिरूरला रेल्वेच नाही. मग ‘वाफेवर गाडी कशी चालते?’ हा धडा पुस्तकातच राहतो. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. ती जागा मिळवताना जो रेटा बसतो, त्यानेच चाक फिरतं. जत्रेतली दिव्यावर चालणारी पत्र्याची होडी हे त्याचं स्वस्त उदाहरण.

खरं वाफेवर धावणारं छोटं इंजिन कारागिराकडून घेणार असाल, तर एवढं विचारा :

१. बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या डाकाने जोडलेला आहे ना?
२. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का? दाबाची चाचणी झाली का?
३. समोर चालवून दाखवाल का?
४. पुढे दुरुस्ती कोण करणार?

मी घाईत घेतलेल्या खेळण्यात पाणी आटलं, कथलाचा डाक वितळला आणि मुलं घाबरली. चूक माझीच, पाणी बघितलं नव्हतं. आता दिवा मीच पेटवते, मुलं दोन हात लांब. पेटत्या दिव्यात स्पिरिट कधीच ओतू नका.

मुलांना विचारा : कुकरची शिट्टी आणि हा व्हॉल्व्ह, दोघांत सारखं काय?